मालक काय वाचतो?
(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय असा आहे: 'बदलते कामगार कायदे आणि मालकांनी घ्यावयाची काळजी'. निमंत्रण हातात आलं तेव्हा मी संयोजकांना फोन करून विचारलं, बाबांनो, माणूस बरोबर निवडलाय ना? मी वकील नाही. कामगार खात्यात नोकरी केली नाही, युनियनमध्ये कधी नव्हतो. नांदेडला १९८६ पासून छापखाना चालवतो, एवढीच माझी पात्रता. ते म्हणाले, म्हणूनच बोलावलंय. वकील लोक दर दोन महिन्यांनी येऊन जातात.

तेव्हा काळजी कशी घ्यावी हे मी सांगणार नाही. माझा धंदा छपाईचा, त्यामुळे सवय प्रूफ वाचायची. कायदा आपल्यापर्यंत ज्या मजकुरातून येतो तो मजकूर कसा आहे आणि आपण मालक लोक तो कसा वाचतो, याची थोडी समीक्षा करावी म्हणतो. समीक्षा कवितेचीच करायची असं काही कुठं लिहिलेलं नाही.

कामगार कायदा मी पहिल्यांदा वाचला तो उलटा, म्हणजे खिळ्यांत जुळवलेला. हजेरीपट, पगारपत्रक, रजेचं रजिस्टर, ओव्हरटाइमचं रजिस्टर असल्या छापील वह्या हे छोट्या प्रेसचं पोट होतं. वजिराबादेतले दुकानदार, जिनिंगवाले, डॉक्टर लेनमधले दवाखाने, सगळे घेऊन जायचे. शिवाय गोषवाऱ्याचे तक्ते असत. अमुक कायद्याचा गोषवारा दर्शनी भागात लावावा, कामगारांना समजेल अशा भाषेत लावावा, असं नियमात असतं ना, ते. मी ते छापायचो, दुकानदार ते कॅलेंडरच्या शेजारी लावायचा, आणि त्यावर पुढं उदबत्तीचा धूर बसायचा. इन्स्पेक्टर आला की तक्ता आहे का एवढं बघायचा. त्या तक्त्याला वाचक असा नव्हताच. लावणारा नाही, बघणारा नाही, आणि छापणारा तर अजिबात नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नियम काढून नऊ कायद्यांखालची ५६ रजिस्टरं पाचांवर आणली. माझ्याकडं तेव्हा छापून ठेवलेल्या वह्यांचा एक कोपरा भरलेला होता, तो किलोच्या भावानं गेला. कायदा बदलल्याचा मला बसलेला हा पहिला फटका. पण खरं सांगायचं तर चांगलं झालं. एकच माहिती पाच वह्यांत भरायला लावणारी ती पद्धत कामगाराच्या काही उपयोगाची नव्हती.

आता मोठ्या बदलाकडे येऊ. वेतन संहिता २०१९ ला झाली. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन संहिता २०२० च्या सप्टेंबरात संसदेनं मंजूर केल्या. जुने २९ केंद्रीय कायदे त्यांत गेले. आणि अंमल कधी सुरू झाला? २१ नोव्हेंबर २०२५ ला. मधली पाच वर्षं काय चाललं होतं हे तुम्ही बघितलंय. १ एप्रिल २०२१ पासून लागू होणार म्हणून चर्चासत्रं झाली. मग जुलै २०२२ पासून होणार म्हणून झाली. दर वेळी फी, दर वेळी फाईल, दर वेळी दुपारचं जेवण. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. २१ नोव्हेंबरच्या शुक्रवारी तो खरोखर आला तेव्हा आमच्या गल्लीत कुणी मान वर करून बघितलंही नाही.

आणि आला तोही कसा? संहिता लागू, पण त्यांखालचे सगळे नियम तेव्हा तयार नव्हते. तोवर जुने नियम जिथं विसंगत नसतील तिथं चालू. विसंगत आहे की नाही हे कुणी ठरवायचं? दुकानदारानं? सरकारनं कायद्याचं अज्ञान ही सबब धरू नये हे मला मान्य आहे, पण मग सरकारच्या अर्ध्या तयारीचीही सबब चालू नये.

मालकाची बाजू मांडायचीच तर एक उदाहरण पुरेसं आहे. बोनस कायद्यातली पगाराची मर्यादा १० हजारांवरून २१ हजारांवर नेणारी दुरुस्ती संसदेनं २०१५ च्या डिसेंबरात केली आणि लागू केली १ एप्रिल २०१४ पासून. ज्या वर्षाचा हिशेब झाला, ताळेबंद झाला, कर भरून झाला, त्या वर्षाचा बोनस मागं जाऊन द्या म्हणे. काही उच्च न्यायालयांनी त्या मागच्या वर्षाला स्थगितीही दिली. मर्यादा वाढवणं योग्यच होतं. पण असं मागं जाऊन लागू केलं की ज्याला प्रामाणिकपणे कायदा पाळायचा आहे तोच माणूस आधी वैतागतो. न पाळणाऱ्याला काय, त्याला पुढची तारीखही सारखी आणि मागचीही सारखी.

एवढं सांगून झालं की मालकाची बाजू माझ्याकडून संपली. यापुढचं ऐकायला तितकं बरं वाटणार नाही.

आपण कायद्यात काय वाचतो? आकडा वाचतो, दुसरं काही वाचत नाही. दहा माणसं, वीस माणसं, पन्नास, शंभर, आता तीनशे. भविष्य निर्वाह निधी विसाला, राज्य विमा दहाला, ग्रॅच्युइटी दहाला, लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहाला, पाळणाघर पन्नासाला. आकडा दिसला की आपली नजर तिथंच थांबते, आणि मग आपण आपल्या दुकानातली माणसं मोजत नाही, जुळवतो. लातूरला गंजगोलाईपासून मार्केट यार्डापर्यंत फिरा, नाहीतर नांदेडला या, रजिस्टरवर एकोणीस माणसं असलेल्या किती आस्थापना दिसतील बघा. विसावा माणूस असतो, काउंटरवरच असतो, पण तो 'पाव्हणा' असतो. एकच दुकान, मधे प्लायवूडची भिंत, दोन भावांच्या नावानं दोन पाट्या. त्या पाट्या मात्र मराठीत असाव्या लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिथं आकड्याची पळवाट राहिली नाही. (हशा)

डाळ मिलमधे कायमचे किती आणि रोजंदारीवर किती हे हंगामाप्रमाणे बदलतं, ते मी समजू शकतो. पण इथं लातुरात शिकवणीचा जो मोठा उद्योग उभा राहिला त्यात काय चालतं? शिकवणारा माणूस सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत एकाच क्लासमधे, पाच वर्षं. आणि कागदावर तो 'व्हिजिटिंग', त्याला पगार नाही, 'प्रोफेशनल फी'. तो दुसऱ्या क्लासमधे गेला की तुम्हीच म्हणता 'आमची फॅकल्टी फुटली'. जो आपला नाहीच तो फुटेल कसा? शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली गोव्याच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं, ते सगळ्या क्लासवाल्यांना पाठ आहे. पण ग्रॅच्युइटीसाठी शिक्षक हा कर्मचारी धरायचा, अशी दुरुस्ती २००९ ला झाली, तीही १९९७ पासून लागू, आणि २०२२ च्या ऑगस्टमधे सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. खाजगी शाळा त्या लढाईत हरल्या. हे किती क्लासवाल्यांनी वाचलंय? आपल्या सोयीचा निकाल आपल्याला ऐकून माहीत असतो. गैरसोयीचा निकाल 'नवा' वाटतो.

हाच प्रकार वेतनाच्या व्याख्येचा. नव्या संहितेतली सगळ्यात गाजलेली गोष्ट ही. मूळ पगार, महागाई भत्ता वगैरे म्हणजे वेतन. घरभाडं, प्रवास वगैरे भत्ते वेतनात नाहीत. पण हे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असले, तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा. म्हणजे तुम्ही एखाद्याला २० हजार देता, त्यात मूळ ७ हजार आणि भत्ते १३ हजार असे दाखवता. निम्मे म्हणजे १० हजार. वरचे ३ हजार वेतनात आले, वेतन झालं १० हजार. पूर्वी फंडाचे ७ हजारांवर १२ टक्क्यांनी ८४० कापत होतात, आता १,२००, आणि तेवढेच तुमच्या खिशातून. बस, गणित एवढंच आहे. यावर दिवसभराचं चर्चासत्र कसं होतं मला कळत नाही.

पण मुद्दा पुढं आहे. सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता हा फंडापुरता मूळ वेतनाचाच भाग धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१९ लाच सांगितलं होतं, विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात. संहिता लागू व्हायच्या साडेसहा वर्षं आधी. तेव्हा किती पगारपत्रकं बदलली? माझ्या ओळखीतली एकही नाही. आणि आज तेच लोक म्हणतात, कायदा सारखा बदलतो हो, माणसानं किती पळायचं!

आता ते मागे सांगितलेलं. छापणारा वाचत नाही, हे.

माझ्याकडं एक बाइंडर होते. सगळे त्यांना बाइंडरमामा म्हणायचे, मीही. १९८७ ला आले, २०११ ला थांबले. चोवीस वर्षं. सुरुवातीला प्रेसमधे आम्ही अकरा जण होतो: तीन कंपोझिटर, ट्रेडलवाले, बाइंडिंगची दोन माणसं, पोऱ्या, असे. मग संगणक आला, ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले आणि माणसं कमी होत होत सहावर आली. मामांचा शेवटचा पगार ५,२०० रुपये. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, एक ड्रेसपीस आणि ५,००१ रुपयांचं पाकीट दिलं. मी छोटं भाषणही केलं. मामा रडले. मला वाटलं, आपण चांगले मालक आहोत.

दीड-दोन वर्षांनी मामा प्रेसवर आले. बाकड्यावर बसले, चहा घेतला, आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "मालक, राग येऊ देऊ नका. भावाचं पोरगं वाळूजला कंपनीत हाय. त्ये म्हणायलंय, माझे काही पैशे निघतेत तुमच्याकडं."

मी त्यांना सांगितलं, मामा, ते दहा माणसं असतील तर. आपण सहाच आहोत. हे मी खोटं बोललो नाही. मला तसंच वाटत होतं. संध्याकाळी माझ्या कर सल्लागाराला विचारलं, तोही म्हणाला, सहा असतील तर लागू नाही, झोपा निवांत.

मामा "बरं बरं" म्हणून गेले. मला मात्र झोप आली नाही, कारण ते जाताना वळून म्हणाले होते, "मी आलो तवा तर अकरा होतो की आपण." ग्रॅच्युइटीच्या कायद्याची इंग्रजी प्रत दुकानातून आणली आणि पहिल्यांदा वाचली. पहिल्याच कलमात होतं. एकदा हा कायदा लागू झालेली आस्थापना, पुढं माणसं दहाच्या खाली आली तरी, त्याच कायद्याखाली राहते. पोटकलम '३ ए'. १९८४ च्या दुरुस्तीनं घातलेलं. म्हणजे माझा छापखाना सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीपासून ते तिथं होतं.

५,२०० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे ३,०००. चोवीस वर्षांचे ७२,०००. ते मी दोन हप्त्यांत दिले. पाकिटातले ५,००१ त्यातून वजा करावेत असा विचार मनात येऊन गेला, हे सांगायला लाज वाटते, पण आला होता. केले नाहीत. उशिराचं व्याज मात्र दिलं नाही. कायद्यानं ते साध्या व्याजानं दहा टक्के आहे, दोन वर्षांचे १४,४०० होत होते. मामांनी मागितलं नाही आणि मी विषय काढला नाही. मामा आता नाहीत.

तर कायदा बदलला म्हणून माझी चूक झालेली नव्हती. तो बदलला नव्हताच. मी आकडा ऐकला होता, वाक्य वाचलं नव्हतं. आणि फंडाचंही तसंच आहे बरं का. वीस माणसांना एकदा लागू झाला की पुढं अठरा झालीत म्हणून सुटका नाही.

हे आज सांगायचं कारण आहे. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा, ज्याला आपण अजून गुमास्ताच म्हणतो, तो १९४८ चा जाऊन २०१७ ला नवा आला. त्यात दहा माणसांची मर्यादा होती. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं ती वीस करायचं ठरवलं, दिवसाचे तास नवाचे दहा केले, तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ वर नेला, आणि मग अध्यादेश निघाला. लगेच मोबाईलवर फॉरवर्ड फिरू लागला: 'वीसपेक्षा कमी कामगार असणाऱ्या दुकानदारांची कामगार कायद्यातून मुक्तता'. पंधरा-सोळा माणसांच्या एका कापड दुकानदारानं मला तो पाठवून खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी त्याला फोन केला. म्हटलं, मुक्तता एका कायद्यातून झाली, तीही पूर्ण नाही, सूचना द्यावीच लागते. ग्रॅच्युइटी दहालाच आहे, विमा दहाला, महिलांची समिती दहाला. किमान वेतनाला तर आकडाच नाही, एक माणूस असला तरी आहे, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. तो म्हणाला, काका, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता.

या सगळ्यात भाषेचा दोष किती? बराच. ग्रॅच्युइटीला सरकारी मराठीत शब्द आहे 'उपदान'. मी गोषवाऱ्याचा तक्ता ज्या शब्दानं छापला तो हाच. मामांनी तो तक्ता शेकडो वेळा कापला, गठ्ठे बांधले. त्यांना 'उपदान' म्हणजे देवस्थानाचं काहीतरी वाटायचं, दान आहे ना त्यात! आणि त्यांचं तरी काय चुकलं? शब्दच सांगतो की ही मालकाची कृपा आहे. इंग्रजी शब्दही तोच वास घेऊन आलेला आहे. चोवीस वर्षं राबून कमावलेल्या पैशाला 'दान' म्हणणारा शब्द बनवणाऱ्यानं मालकाच्या बाजूनं विचार केला होता, असं मला वाटतं. मुद्दाम नसेल, सवयीनं. बोनसचंही बघा. १९६५ च्या कायद्यानं तो हक्कानं दिला, आणि पुढं त्याचं किमान प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा भाग, झालं. आपण मात्र आजही 'दिवाळी दिली' म्हणतो, जसं पोस्त द्यावं. सोबत मिठाईचा पुडा द्यायचा, म्हणजे हक्क आणि बक्षीस यांतला फरक गोड होऊन जातो.

मालकाला तरी एक शब्द कुठं आहे? कधी नियोक्ता, कधी नियोजक, कधी सेवायोजक. मार्केट यार्डात शेठ, प्रेसमधे मालक, दवाखान्यात सर, क्लासमधेही सरच. 'नियोक्त्याने' हा शब्द वाचून आपल्याबद्दल चाललंय असं आमच्यातल्या कुणाला वाटत नाही. आणि 'अनुपालन' म्हणजे काय, तर सल्लागार म्हणतो, "कम्प्लायन्स करून घ्या." सत्यनारायण घालून घ्या म्हटल्यासारखं. भटजी येणार, पोथी वाचणार, आपण मधे मधे पाणी सोडायचं.

आपल्या भागाचा आणखी एक इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दुकानांचा कायदा मुंबई इलाख्यात वेगळा, आपल्याकडं १९५१ चा हैदराबादचा वेगळा. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो तरी जुने कायदे एका रात्रीत गेले नाहीत. तेव्हा एकाच राज्यात कुठला कायदा कुणाला, हा घोळ आपल्या आजोबांनीही बघितलेला आहे. पण तेव्हा नांदेडात उस्मानशाही मिल होती. मिलचा कामगार तासांचा हिशेब भोंग्यावरून करायचा आणि कायदा युनियनच्या बैठकीत शिकायचा. त्याचा भाऊ दुकानात नोकरीला असला तर घरी बसून तो भावालाही शिकवायचा. पुढं मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडं गेली, मग बंद पडली. भोंगा गेला, आणि कायदा शिकवणारं ते घरही गेलं. आता वाळूजचा पुतण्या लागतो.

शेवटचं सांगतो आणि थांबतो, प्रश्नांनाही वेळ द्यायचाय.

नव्या संहितेत नेमणूकपत्र द्यायला सांगितलंय. माझ्याकडं आज पाच माणसं. ती अट ज्या संहितेत आहे तिथंही दहाचा आकडा आहेच, त्यामुळं मला लागू की नाही यावर वाद घालता येईल. पण आकड्याचा वाद मी एकदा घातलेला आहे. म्हटलं, देऊन टाकू. डिसेंबरात बसून पाच पत्रं मराठीत लिहिली. नाव, काम, कामावर आल्याची तारीख, पगार, तास, सुट्टी. 'उपदान' लिहिलं नाही, 'ग्रॅच्युइटी' लिहिलं आणि पुढं कंसात 'हक्काची'. 'नियोक्ता' लिहिलं नाही, 'मालक' लिहिलं. छापली आपल्याच मशीनवर.

ऑफसेटवर जो मुलगा आहे, मुलगा म्हणजे आता चाळिशीचा, अकरा वर्षं माझ्याकडं आहे. त्याला संध्याकाळी केबिनमधे बोलावून पत्र हातात दिलं. त्यानं ते उघडलंच नाही. हाताची शाई पँटला पुसली, पत्र तसंच धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, काय चुकलं माझं? काढायलात का मला?"